पाटी आणि बर्फ

एन्सिओ आठला निघतो, गिरमिट खांद्यावर,
समुद्र गोठलाय का ते समुद्रालाच विचारायला.
मी तेव्हा दुसरी कॉफी ओतते
आणि कालची तक्रार परत उघडते:
तुर्कूच्या इस्पितळातला कोणी वाल्तेरी लिहितो,
"मी फक्त दुव्याची परवानगी बदलली होती.
रात्री एकही यंत्र सुरू होईना."

दुवा म्हणजे काय, भावानं एकदा विचारलं होतं.
म्हटलं, पाटी. बाण काढलेली.
आत घर नाही, सामान नाही, नुसता पत्ता,
एवढुसा, सतरा-अठरा अक्षरांचा.
मागची लायब्ररी दरवर्षी बदलते,
पाटीवरचं नाव तेच.
आणि कपाळावर जन्मापासून तीन सात:
कुणीही वाचा, कुणीही लिहा, कुणीही चालवा.
इतकी उदार परवानगी
की तिला कोणी विचारतच नाही.

वाल्तेरीला ते सात सलले.
नीटनेटका माणूस असणार,
टाचण्यासुद्धा रंगवार लावणारा.
त्यानं पाटीला कुलूप घातलं,
आणि कुलूप बाणाच्या दिशेनं चालत गेलं,
तीन फोल्डर ओलांडून
खऱ्या दाराला जाऊन बसलं.
चोर सोडून संन्याशाला सुळी.
पहाटे पाचपर्यंत परिचारिका
औषधांच्या चिठ्ठ्या हातानं लिहीत होत्या.

एन्सिओ जेवायला येतो, मिशीत हिम.
"अडतीस सेंटिमीटर. पाटीवर दोन टनच ठेवलंय.
लाकूडवाला पेंटी चिडलाय, म्हणतो तीन लिही."
मी म्हणते, आमच्याकडे तीन लिहिलं
की खालचा बर्फ जाड होतो.
तो चमचा खाली ठेवतो.
"मग तुमच्याकडे कोणी बुडत नसेल, तुओवी."
बुडतात, म्हणते. शून्य लिहिलं की वितळतोही,
वर उभ्या असलेल्या सगळ्यांसकट.

दुपारभर तो एकच प्रश्न.
पाटीचीच परवानगी बदला, पुढे जाऊ नका,
असं कोणी सांगितलं तर आपण काय करायचं?
जुना कोड "हो" म्हणायचा,
नोकरीत मुरलेल्या कारकुनासारखा, मान न वर करता.
आधी बघायचा दुवा आहे का, मग वळायचा,
आणि त्या वळण्याइतक्या वेळात
कोणी पाटीच बदलली तर?
एन्सिओला हे समजवावं लागत नाही.
भोक पाडणं आणि गाडी येणं यांच्यामध्ये
वारा दक्षिणेचा होतो, हे त्याला
मार्टीच्या ट्रॅक्टरनं शिकवलं.
(मार्टी सापडला. ट्रॅक्टर अजून तिथेच आहे.)

म्हणून आधी हात धरायचा,
दार न उघडता, नुसता हात,
मग हातात आहे त्यालाच विचारायचं: तू कोण?
फाईल असशील तर ठीक, घे तुझी परवानगी.
दुवा असशील तर तोंडावर सांगायचं,
हे इथे होत नाही.

अकरा ओळी झाल्या, त्यातली एक नकाराची.
इंकेरीनं तपासताना लिहिलं, "लोक ओरडतील.
त्यांचं आजवर चालत होतं."
चालत नव्हतं, मी लिहिलं. खोडलं.
परत लिहिलं.

अंधार पडता पडता किनाऱ्यावर गेले.
एन्सिओ पाटीवरचं हिम नखानं खरवडून
दोनचा आकडा मोकळा करत होता.
पेंटीची गाडी काठावर, इंजिन चालू,
दिवे बेटाकडे.
तो उतरला, पाटी वाचली,
मग आमच्याकडे पाहिलं, जणू आम्हीच बर्फ.
एन्सिओ काही बोलला नाही.
बराच वेळ इंजिनच बोलत राहिलं.
मग पेंटीनं मागची फळी पाडली
आणि अर्धी लाकडं खाली उतरवायला घेतली.
मी हातमोजे घातले.
बर्चची होती. ओली, जड.